‘उचल्या’ आणि उचल

‘आता कायद्यात भेदभाव उरलाय कुठे?’ हा प्रश्न अमेरिकेत वर्णाबद्दल विचारला जातो, आपल्याकडे जातीबद्दल. तिथे 1930 च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. पुढे 1968 च्या कायद्याने आणि 1974 च्या कायद्यात 1976 साली झालेल्या दुरुस्तीने घर आणि कर्ज देताना वर्ण बघायला बंदी केली. एक बाजू म्हणते, विषय संपला. दुसरी म्हणते, आजोबांना घर घेता आलं नाही म्हणून नातवाकडे आज तारण नाही. विषय संपला कसा?

अमेरिकेकडे बघत आपल्याबद्दल विचार करणं मराठीला नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. म्हणून हा वाद मला एका मराठी पुस्तकातून वाचावासा वाटतो: लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. प्रकाशन 1987, साहित्य अकादमी पुरस्कार 1988.

‘उचल्या’ बहुतेकदा दुःखाची आणि जिद्दीची गोष्ट म्हणून वाचलं जातं. चोर ठरवलेल्या जमातीत जन्मलेला मुलगा शिकतो, गिरणीत लागतो, कार्यकर्ता होतो. असं वाचलं की पोलीस क्रूर ठरतात, नायक खंबीर ठरतो, आपले डोळे पाणावतात आणि आपण मोकळे होतो. पण या पुस्तकातला जुलूम कुणा एका दुष्ट माणसाचा नाही. पोलीस ठाण्याला आरोपी लागतो, तो नेमका कुठे मिळेल हे आधीच ठरलेलं असतं. चोरीचा माल घेणारा मात्र गावात प्रतिष्ठित असतो. फौजदाराची बदली होते, धाड थांबत नाही. गायकवाड हे सिद्धांत म्हणून सांगत नाहीत. ते मार कुणी खाल्ला, पैसे कुणाला गेले, एवढंच सांगत जातात आणि व्यवस्था आपोआप दिसू लागते. उत्तरार्ध चळवळीच्या हकिकतीकडे झुकतो आणि तिथे भाषा सैल होते, हे खरं आहे. पण एकट्याच्या जिद्दीने हे सुटणार नाही, हे लेखकाला कळलं आहे, ते तिथेच दिसतं.

आता तारखा बघा. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि तो पुढे वाढवत नेला. आख्ख्या जमातींना जन्मापासून संशयित ठरवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. 1952 साली तो रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. कागदावर जमात जाऊन व्यक्ती आली. पण ‘उचल्या’तलं बालपण स्वातंत्र्यानंतरचं आहे आणि पोलीस तिथे व्यक्तीला शोधत येत नाहीत, वस्तीत येतात.

‘उचल्या’ लातूरकडचं. तोच प्रश्न घेऊन वाशिम जिल्ह्यात या. मानोरा, मंगरुळपीर भागात बंजारा तांडे आहेत, पोहरादेवी इथलीच. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती (अ) गटात येतो, या गटाला 3 टक्के आरक्षण आहे. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. मग भेदभाव कुठे, असं कुणी विचारलं तर तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कायद्याने दारं उघडली आहेत, आणि त्यातून माणसं आत गेलीही आहेत.

पण दारावर कागद मागतात. विमुक्त जातीचा दाखला काढायला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा जाऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. ज्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, त्यांच्या नातवाने आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? खिडकीपलीकडचा कारकून भला माणूस असू शकतो. तरी अर्ज परत येतो.

कर्जाचंही तसंच. बँक पीककर्जाला सातबारा मागते, जात विचारत नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मुकादमाकडे जातो. ऊसतोडीला जायच्या आधी मुकादम जी रक्कम हातात ठेवतो तिला म्हणतात ‘उचल’. सातबारा लागत नाही. तारण म्हणून नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे दोघांचा हंगामभराचा घाम. उचल फिटली नाही तर उरलेली पुढच्या हंगामावर. गायकवाडांच्या पुस्तकाचं नाव आणि हा शब्द एकाच क्रियापदातून आले आहेत. एकाला न विचारता उचलणारा म्हणून ठाण्यात नेलं, दुसऱ्याने विचारून उचललं आणि तो फडात अडकला.

भूमिहीन तर सगळ्याच जातींत आहेत, मग याला गरिबी म्हणा, असंही म्हणता येईल. गरिबी आहेच. पण जमीन कुणाकडे नाही हा योगायोग नाही. कुणी कुठे थांबायचं हे जिथे कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं, तिथे सातबारा कोरा असणं हासुद्धा त्याच कायद्याचा निकाल आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. जातीवरून कैद्यांना कामं वाटणारे तुरुंगांचे नियम घटनाबाह्य ठरले, आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायचा आदेश झाला. म्हणजे 2024 पर्यंत तो रकाना होता. ‘उरलाय कुठे’ याचं एक उत्तर इथे मिळतं.

पण मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि रकाना काढणं म्हणजे काय हे रोज बघतो. तक्त्यातून जात काढली तरी पिनकोड राहतो, आडनाव राहतं, वडिलांचं शिक्षण राहतं, जमीन आहे की नाही ते राहतं. या चार गोष्टींवरून जात परत काढता येते. कर्जाचा निर्णय माणसाऐवजी मोबाइल ॲप घेऊ लागलं की ते कुणालाही शिवी देणार नाही. ते फक्त ‘पात्र नाही’ म्हणेल, आणि भांडायला समोर फौजदारही नसेल.

म्हणून ‘उचल्या’ आज पुन्हा वाचायला हवं, डोळे पुसत नव्हे, हिशेब मांडत. हे पुस्तक ‘कोण वाईट?’ यापेक्षा मोठा प्रश्न विचारतं: या व्यवहारात सगळे नियमाने वागले तरी दर वेळी तोच माणूस का हरतो? अमेरिकेतल्या वादालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. उत्तर ‘योगायोग’ असं येत असेल, तर नियम पुन्हा वाचावेत.