एकमेव गिऱ्हाइकाची खरेदी : मायक्रोसॉफ्ट-नोकिया व्यवहाराची कारणमीमांसा

सॉफ्टवेअर रचणाऱ्या कंपनीने फोन बनविणारी कंपनी का घ्यावी, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते : यंत्र आणि त्याला चालविणारी प्रणाली एकाच छपराखाली घडली, तर वस्तू अधिक निर्दोष होते. ॲपलचा दाखला या उत्तराच्या पाठीशी असतोच. परंतु मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाचा हँडसेट-विभाग, पेटंटांच्या परवान्यासह, ५.४४ अब्ज युरोंना घेण्याचे जाहीर केले, त्या व्यवहाराला हे उत्तर अपुरे पडते, असे आमचे मत आहे.

मायक्रोसॉफ्टचा मूळ धंदा परवान्याचा. प्रणाली एकाने रचावी, यंत्रे अनेकांनी बनवावीत आणि प्रत्येक यंत्रामागे रचणाऱ्याला शुल्क मिळावे, ही ती पद्धती. वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात ती दीर्घकाळ फलदायी ठरली. मात्र तिला दोन गोष्टी आवश्यक असतात : प्रणालीला मोल असले पाहिजे आणि ती घेणारे पुष्कळ असले पाहिजेत. गूगलने अँड्रॉइड विनामूल्य देऊन पहिली अट मोडली. तिच्यापाठोपाठ दुसरीही ढासळली. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाशी सहकार्य जाहीर झाले आणि पुढे विकल्या जाणाऱ्या विंडोज फोनांपैकी बहुतांश नोकियाचेच असत. ती बुडाली असती वा अँड्रॉइडकडे वळली असती, तर या प्रणालीला थारा उरला नसता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने वस्तुतः घेतले ते आपले एकमेव मोठे गिऱ्हाईक.

तुलनेसाठी गूगल-मोटोरोला व्यवहार पाहावा. गूगलने मोटोरोला मोबिलिटी सुमारे १२.५ अब्ज डॉलरांना घेतली. व्यवहार २०१२ मध्ये पुरा झाला. तिच्याकडे सुमारे १७,००० पेटंटे होती. जानेवारी २०१४ मध्ये फोनांचा व्यवसाय लेनोवोला सुमारे २.९ अब्ज डॉलरांना देण्याचे ठरले, तेव्हा बहुतेक पेटंटे गूगलने राखून ठेवली. त्यांची किंमत अवाजवी होती की काय, हा वाद निराळा. पण पेटंट ही विकत मिळणारी वस्तू आहे.

मायक्रोसॉफ्टला जे उणे होते, ते तसे नव्हते. ॲप रचणारे गिऱ्हाइकांच्या मागे जातात आणि गिऱ्हाईक ॲपांच्या मागे. हे चक्र कारखाना घेतल्याने फिरू लागत नाही. शिवाय परवाना देणाराच प्रतिस्पर्धी झाला, म्हणजे इतर उत्पादकांचा उरलासुरला उत्साहही मावळतो.

खरेदी न करावी तर प्रणाली तत्काळ सोडून द्यावी लागली असती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो खरेदीची निकड सिद्ध करतो, तिची उपयुक्तता नव्हे. सत्य नडेला यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, कंपनीतील विचारविनिमयात आपण या खरेदीच्या विरुद्ध मत दिले होते, असे नमूद केले आहे. तेच मुख्याधिकारी असताना जुलै २०१५ मध्ये सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत मांडले गेले आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले. हिशोबाच्या वहीतील चुकीचा भार फिनलंडमधील तंत्रज्ञांवरही पडला, ही गोष्ट अशा व्यवहारांच्या विवेचनात सहसा येत नाही.

म्हणून अशा खरेदीचे परीक्षण करताना एकीकरणाच्या लाभांची यादी करण्यापूर्वी, घेणाऱ्याला नेमके काय हवे होते आणि ते विक्रीने हस्तांतरित होण्याजोगे होते काय, हे अभ्यासकांनी आधी तपासावे.