‘स्मृतिचित्रे’ : एकाकीपण आणि सांत्वन

मराठी आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची घरगुती भाषा, त्यातील विनोद आणि सच्चेपणा यांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. २०१७ साली शांता गोखले यांनी केलेला त्याचा नवा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. तथापि आपल्या कॅथलिक कुटुंबांत हा ग्रंथ वाचावा तितका वाचला जात नाही. तो प्रॉटेस्टंट बंधूंचा, आपला नव्हे, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचे आदेशपत्र दिल्यानंतर अशी समजूत बाळगणे आपल्याला शोभत नाही. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार एकाच अंगाने करावयाचा आहे. एकाकी माणसाला श्रद्धेत सांत्वन लाभते, असे आपण नेहमी म्हणतो. ते कसे लाभते, याविषयी हा ग्रंथ काय सांगतो?

पहिली गोष्ट तो सांगतो ती आपल्याला अडचणीत टाकणारी आहे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेल्या सर्वांत दारुण एकाकीपणाचे निमित्त ख्रिस्ती श्रद्धाच होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी आपल्या मुंबईतच झाला. टिळकांच्या चरित्रात तो दिवस उजेडाचा. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात मात्र त्याच दिवसाने घर मोडले. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पती हयात, पण सहवास नाही. कपाळी कुंकू, पण संसार नाही. या काळातील पंढरपूरचे दिवस त्यांनी ज्या रीतीने रंगविले आहेत, ती रीत बोधवादी लेखकांनी अभ्यासावी अशी आहे. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावर हा भाग घाईघाईने उरकून ‘अखेर सारे बरे झाले’ असे म्हणणे त्यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. पतीच्या निर्णयाने झालेली जखम त्यांनी झाकली नाही आणि तिच्यापायी पतीवर रागही धरला नाही. आपल्या भक्तिपर साहित्यात हा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो. त्यात दुःख पहिल्या परिच्छेदात येते आणि दुसऱ्या परिच्छेदात प्रार्थनेने नाहीसे होते. खऱ्या दुःखी माणसाचा अशा लिखाणावर विश्वास बसत नाही, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या रचनेतून ध्यानात येते. लक्ष्मीबाईंनी आरंभीच आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, त्या घरात धुतली जाई. वाचक मनमुराद हसतो. पण अशा घरात बाहेरच्या माणसाला जागा नसते आणि आतलीही माणसे एकमेकांपासून दुरावतात, हे त्या हसण्याच्या तळाशी आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ आल्या, तेव्हा त्यांनी आपली चूल व आपले पाणी वेगळेच ठेवले होते. पुढे एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले, की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्याच्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पाण्याचा तांब्या, मग बाप्तिस्म्याचे पाणी.

लक्ष्मीबाईंच्या आध्यात्मिक परिवर्तनाचे वर्णन फार त्रोटक आहे, असा आक्षेप एखादा वाचक घेईल. सेमिनरीत ईशज्ञान शिकलेल्या वाचकाला ही उणीव प्रथम जाणवते, हे खरे. पण थोडा विचार केला, तर वर्णन त्रोटक नसून ते निराळ्या ठिकाणी आहे, असे दिसते. ते स्वयंपाकघरात आहे, पंगतीत आहे आणि टिळक दांपत्याने पदराखाली घेतलेल्या निराधार मुलांच्या कलकलाटात आहे. जी स्त्री एके काळी स्वतः दुसऱ्याच्या घरी आश्रित होती, तिचेच घर इतरांचा आश्रय झाले. तिचे सांत्वन याहून वेगळे असे कोठे दाखविता येत नाही.

याला शुभवर्तमानाचा आधार आहे. क्रुसावर स्वतः टाकला गेल्याची व्यथा भोगीत असताना प्रभूने आपल्या मातेचे सांत्वन कसे केले? त्याने तिला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे संत योहान नोंदवितो. पवित्र मरियेला त्या घटकेस सांत्वनाचा शब्द मिळाला, आणि घरही मिळाले.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईतच निवर्तले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. पुढे त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली. मग कराचीला बिऱ्हाड हलविले. वैधव्यातील एकाकीपण तरुणपणीच्या विरहाहून वेगळे असते, आणि त्याविषयी या लेखणीकडून आपल्याला अधिक हवे होते. परंतु फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि आठवणी अपुऱ्या राहिल्या. शिवाय त्यांच्यापाशी विनोदाची जी उपजत देणगी होती, ती सर्वांपाशी नसते. दुःखावर हसण्याची ताकद ज्याच्यात नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर येथे नाही.

तरीही आजच्या गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या धर्मग्रामांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचा कणा मोडला, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळींची सताड उघडी दारे बंद झाली. अनेक घरांतील मुले परदेशी आहेत. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जाणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूस विचारा. मिस्सेला न चुकता येणाऱ्या कितीतरी वृद्धांशी आठवडाभर कोणी बोललेले नसते, असे तो सांगेल. त्यांना आपण जपमाळ करा, नोव्हेनाला या, असे सांगतो. ते योग्यच आहे. परंतु प्रार्थनेचा उपदेश करून आपण आपली भेट वाचवीत असू, तर लक्ष्मीबाईंचा ग्रंथ आपल्याविरुद्ध साक्ष देतो. त्या वृद्धांच्या घरचा चहा प्यायला आपण किती वेळा थांबतो?

येत्या उपवासकाळात आपल्या लघु ख्रिस्ती समूहांनी पंढरपूरच्या दिवसांचा भाग आणि पाण्याचा तो प्रसंग एकत्र बसून वाचावा, अशी सूचना करावीशी वाटते. वाचन मात्र सभागृहात नको. इमारतीत जे घर सर्वांत एकटे असेल, त्या घरी ते व्हावे.