गुणवत्तेची परिभाषा आणि व्यक्तीची घडण

कारखान्यातील गुणवत्ता-व्यवस्थापनाची तत्त्वे व्यक्तीने आपल्या आयुष्यासही लावावीत, हा विचार आपल्याकडे रूढ होऊ लागला आहे. एरंडोलहून फार दूर नसलेल्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी स्थापन झालेली विप्रो ही कंपनी पुढे संगणक-व्यवसायात गेली आणि १९९७ च्या सुमारास तिने ‘सिक्स सिग्मा’ ही पद्धती स्वीकारली. दहा लक्ष संधींत ३.४ हून अधिक दोष नसावेत, हे ह्या पद्धतीचे प्रसिद्ध मान होय. १९९४ साली ‘नॅक’ची स्थापना झाली आणि पुढे महाविद्यालयांतही गुणवत्ता हमी कक्ष आले. तेथून ही परिभाषा विद्यार्थ्याच्या मनात उतरावयास वेळ लागत नाही; म्हणून तिची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

ह्या विचाराची नेटकी मांडणी हॅरी रॉबर्ट्‌स व बर्नार्ड सर्जस्केटर ह्यांच्या ‘क्वालिटी इज पर्सनल’ (१९९३) ह्या ग्रंथात आढळते. सभेस वेळेवर जाणे, दूरध्वनी दोन घंटांच्या आत उचलणे, अशा अपेक्षा आधी निश्चित कराव्यात. त्या चुकतील तितक्या खुणा कराव्यात आणि त्यांची गणना पाहून सुधारणा साधावी, अशी त्यांची रीत आहे. ती सर्वस्वी नवी नव्हे. बेंजामिन फ्रँक्लिन तेरा सद्‌गुणांची वही ठेवीत व प्रत्येक चुकीस काळा ठिपका देत. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची, उत्तमाची व पढतमूर्खाची लक्षणे क्रमाने दिली आहेत. ‘मी सुधारेन’ ह्या मोघम संकल्पाच्या जागी पाहता व मोजता येईल अशी क्रिया ठेवणे, हे ह्या रीतीचे बळ निःसंशय मान्य केले पाहिजे.

आक्षेप आहे तो परिभाषेबद्दल. क्रॉस्बी ह्यांच्या मते गुणवत्ता म्हणजे ठरलेल्या अपेक्षांशी अनुरूपता. जुरान ह्यांच्या मते वापरास योग्यता. दोन्ही व्याख्यांत वस्तूच्या बाहेर उभा असलेला ग्राहक गृहीत आहे. मराठीतील ‘गुण’ शब्दाचा व्यवहार ह्याहून व्यापक आहे. औषधाचा गुण येतो, आईचे गुण मुलीत उतरतात आणि परीक्षेत गुण मिळतात. पहिला गुण परिणामावरून कळतो, दुसरा सहवासाने. मोजला जातो तो केवळ तिसरा. आपल्या विद्यार्थ्याच्या कानी ‘गुणवत्ता’ हा शब्द प्रथम पडतो तो ‘गुणवत्ता यादी’ ह्या समासातून. त्यामुळे व्यक्तीच्या घडणीस हा शब्द लावताच तिसरा अर्थ पहिल्या दोहोंना झाकून टाकतो. मनुष्य मग स्वतःच माल, स्वतःच तपासनीस आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी पसंतीचा उमेदवार होतो.

दुसरा आक्षेप ह्या शास्त्राच्या मूळ शिकवणीतूनच निघतो. शूहार्ट ह्यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला तो फरकांची कारणे वेगळी करण्यासाठी: काही फरक प्रक्रियेतच मुरलेले असतात, काही विशिष्ट कारणाने उद्‌भवतात. डेमिंग ह्यांनी ह्यावरून असे प्रतिपादिले की बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात, कामगाराचे नव्हेत. म्हणूनच घोषवाक्ये, ‘शून्य दोषा’चे उपदेश आणि व्यक्तीचे वार्षिक मूल्यांकन ह्यांस त्यांनी विरोध केला. समजा, कासोद्याहून एरंडोलास येणारा विद्यार्थी आठवड्यातून तीनदा उशिरा पोहोचला. त्याच्या वहीत तीन खुणा होतील. परंतु गाडीच उशिरा आली असेल, अथवा पहाटे घरच्या कापूस-वेचणीस हात लावावा लागला असेल, तर तो दोष कोणाचा? खूण एवढे सांगत नाही. जे शास्त्र दोषाचा भार व्यक्तीवरून उतरवू पाहत होते, तेच तिच्यावर भार चढविण्यास वापरणे हा शास्त्राचा विपर्यास होय. रॉबर्ट्‌स स्वतः संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना हा भेद अपरिचित नव्हता. वहीचे अनुकरण करणारे मात्र तो सहज विसरतात.

तेव्हा वही टाकून द्यावी असे नव्हे. तिच्यात दोन भर घालाव्यात. प्रत्येक खुणेशेजारी कारणाचा रकाना असावा, आणि प्रत्येक अपेक्षेशेजारी ती कोणी ठरविली ह्याची नोंद असावी. पहिल्या रकान्यातून पुष्कळदा विद्यार्थ्याऐवजी महाविद्यालयाने, वसतिगृहाने अथवा वेळापत्रकाने सुधारावयाच्या गोष्टी निघतील. दुसऱ्यातून विद्यार्थ्यास कळेल की आपण घडत आहोत की केवळ तपासले जात आहोत. गुणवत्तेचा विचार अध्यापनात आणू इच्छिणाऱ्यांनी आरंभ ह्या दोन रकान्यांपासून करावा.