पुनरावर्ती पर्यायसूची : दोन रचनांचे परीक्षण

वापरणाऱ्यापुढे पर्याय मांडावयाचे, त्याचे उत्तर घ्यावयाचे, आणि काम होताच तीच सूची पुन्हा मांडावयाची, ही युनिक्सच्या शेल-लेखनातील जुनी गरज होय. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीतील स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये ती ‘व्हाइल’, ‘रीड’ व ‘केस’ यांच्या संयोगाने भागविता येई. पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने ‘सिलेक्ट’ ही स्वतंत्र रचना दिली. बॅशनेही ती स्वीकारली.

‘सिलेक्ट’चा गुण संक्षेपाचा. क्रमांक घालणे, सूची छापणे, उत्तर वाचणे व फिरून विचारणे ही कामे ती आपणहून करते. परंतु ज्या पुनरावृत्तीसाठी ती योजावयाची, तेथेच ती अपुरी पडते. एक काम उरकल्यावर बॅश केवळ ‘पीएस३’मधील प्रश्न विचारतो, सूची पुन्हा दिसण्यासाठी रिकामी ओळ द्यावी लागते, किंवा लेखकास ‘रिप्लाय’ हे चल रिक्त करावे लागते. शिवाय पॉझिक्स मानकाने ती विहित केलेली नाही, आणि डॅश शेलमध्ये ती मुळीच नाही.

हाती रचलेल्या आवर्तनात स्वातंत्र्य आहे, तसाच धोकाही. ‘रीड’च्या अपयशाची दखल न घेतल्यास निविष्टी संपताच सूची अखंड छापली जाऊ लागते, ‘सिलेक्ट’ अशा वेळी आपोआप थांबते. तथापि हा दोष रचनेचा म्हणता येत नाही. ‘व्हाइल’च्या अटीतच प्रथम सूची व शेवटी ‘रीड’ ठेवल्यास अखेरच्या आज्ञेचे यशापयश आवर्तनाचे भवितव्य ठरविते, आणि दोष नाहीसा होतो. म्हणून सर्वत्र चालावयाच्या लेखासाठी जुनी रचनाच अधिक ग्राह्य ठरते.