वेढलेल्या शहरातील सहसर्जन

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मराठीत फडके-खांडेकरांच्या पिढीपासून चालत आला आहे. त्यातून काही चांगले लेखन झाले, पुष्कळ वेळ खर्च झाला आणि अखेर दोन्ही पक्ष आपापल्या जागी राहिले. या वादात एक गोष्ट नेहमी गृहीत धरलेली असते : वाद घालणाऱ्याच्या घरात दिवा आहे, नळाला पाणी आहे आणि उद्याची सकाळ उगवणार आहे. या तिन्ही गोष्टी जिथे हिरावून घेतल्या गेल्या, तिथे कलावंतांनी काय केले, हे पाहिल्यावाचून हा वाद पुरा होत नाही. त्यासाठी आपल्याला बोस्नियातील सारायेव्हो या शहराकडे जावे लागेल.

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे जवळपास चार वर्षे, हे शहर वेढ्यात होते. भोवतालच्या डोंगरांवरून तोफा डागल्या जात. पाणी भरायला गेलेला माणूस परत येईल याचा भरवसा नसे. २७ मे १९९२ रोजी पावाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर गोळा पडला. त्याच वर्षी २५ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय ग्रंथालय पेटवण्यात आले आणि ग्रंथांची राख कित्येक तास शहरावर पडत राहिली. अशा शहरात नाटके झाली, मैफली झाल्या, चित्रप्रदर्शने भरली. हे ऐकून आपण प्रथम थक्क होतो आणि मग भारावतो. समीक्षेच्या दृष्टीने हे भारावणे फारसे उपयोगाचे नाही. ज्यांनी मृत्यूच्या छायेत काम केले त्यांच्या कामाला केवळ आदर द्यावा, त्याचे गुणदोष पाहू नयेत, असे मानणे म्हणजे त्यांना कलावंत न मानता केवळ पीडित मानणे होय. त्यांनी स्वतः तसे मानले नव्हते. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या कामाकडे काम म्हणूनच पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

‘ओबाला’ या कलाकेंद्राने भरवलेले ‘अस्तित्वाचे साक्षीदार’ हे प्रदर्शन प्रथम घेऊ. डिसेंबर १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या एका जुन्या चित्रपटगृहाच्या वास्तूत त्याचा आरंभ झाला. नुसरेत पाशिच, मुस्तफा स्कोप्ल्याक, एदो नुमान्कादिच, झोरान बोग्दानोविच, आन्ते युरिच, पेतार वाल्देग, सानिन युकिच आणि रादोस्लाव तादिच असे आठ कलावंत त्यात होते. आधी एकेकाची स्वतंत्र मांडणी झाली आणि १९९३ च्या वसंतात सर्वांची एकत्र. ही नावे एकाच परंपरेतली नाहीत, हे वाचकाच्या ध्यानात येईलच. शहराचे धर्म आणि वंश यांच्या रेषांवर तुकडे करावेत, यासाठी वेढा घातला गेला होता. त्या काळात ही आठ नावे एका भिंतीखाली येणे हेच एक विधान होते आणि ते करण्यासाठी कोणाला भाषण करावे लागले नाही.

रंग आणि कॅनव्हास मिळत नव्हते. तेव्हा राख, माती, विटा, काचांचे तुकडे हेच साहित्य झाले. स्कोप्ल्याक यांनी मातीत छोटे चेहरे पुरले आणि ते काचेखालून दिसतील असे ठेवले. पाहणाऱ्याला वाकून पाहावे लागे. शहरातली मैदाने त्या वेळी दफनभूमी होत चालली होती. नुमान्कादिच यांनी ‘युद्धाच्या खुणा’ या मालिकेत रोजच्या जगण्यातल्या वस्तू गोळा केल्या. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. मोडतोडीचे साहित्य वापरणे ही विसाव्या शतकातल्या चित्रकलेत जुनी रीत आहे. पॅरिसमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये कलावंत भंगारातली वीट उचलतो ती निवड म्हणून. सारायेव्होत ती वीट शेजाऱ्याच्या घराची होती आणि पाहणारा ते घर ओळखत होता. रीत तीच; पण तिच्यातला चमत्कृतीचा भाग गळून पडला आणि उरला तो पुरावा. या प्रदर्शनाला १९९३ च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनाचे निमंत्रण होते, परंतु वेढ्यामुळे ते शहराबाहेर जाऊ शकले नाही. १९९४ मध्ये ते न्यूयॉर्कला दाखवले गेले. तिथल्या स्वच्छ भिंतींवर त्याचा निम्मा अर्थ हरवला असणार, असे मला वाटते. ज्या वास्तूत ते जन्मले ती वास्तू त्या कृतीचाच भाग होती, आणि वास्तू पेटीत घालून पाठवता येत नाही.

दुसरे उदाहरण ‘त्रिओ’ या आरेखनकारांच्या गटाचे. बोयान व दादा हाजिहालिलोविच हे दांपत्य या गटाचा कणा होते. युद्धापूर्वी ते भित्तिपत्रके करीत. वेढ्यात कागद संपला, तेव्हा भित्तिपत्रकाचे पोस्टकार्ड झाले. जगाला तोंडपाठ असलेल्या प्रतिमा त्यांनी घेतल्या : मुंकची ‘किंकाळी’, मोनालिसा, वॉरहॉलचा सूपचा डबा, सैन्यभरतीसाठी बोट रोखणारा अमेरिकेचा ‘अंकल सॅम’. कोकाकोलाच्या वळणदार अक्षरांत त्यांनी ‘सारायेव्होचा आस्वाद घ्या’ असे लिहिले. कार्डे छोटी असल्यामुळे पत्रकारांच्या खिशातून ती शहराबाहेर गेली. टंचाईने लादलेला आकार असा त्यांच्या प्रसाराला पोषक ठरला.

या कार्डांतला विनोद कडू आहे आणि नेमका आहे. तरीही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. या प्रतिमा उसन्या आहेत. त्यांचा परिणाम पाहणाऱ्याच्या आधीच्या ओळखीवर आणि त्याच्या मनातल्या अपराधी भावनेवर उभा आहे. ओळख पटली, हसू आले, लाज वाटली, की कार्डाचे काम संपते. स्कोप्ल्याक यांच्या मातीतल्या चेहऱ्यांकडे आपण पुन्हा जातो. ‘त्रिओ’च्या कार्डाकडे पुन्हा जाण्याची गरज पडत नाही. अर्थात, पोस्टकार्ड हे निरोप पोचवण्यासाठीच असते. निरोप पोचला. तो वाचूनही जग दोन वर्षे स्वस्थ बसले, हा दोष कार्डाचा नव्हे.

रंगभूमीची कहाणी या दोहोंहून वेगळी आहे. १९९२ च्या मे महिन्यात, म्हणजे वेढा पडल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, निरनिराळ्या नाट्यगृहांतील मंडळींनी एकत्र येऊन ‘सारायेव्हो युद्ध रंगभूमी’ ही संस्था स्थापन केली. ‘आसरा’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले तिचे पहिले नाटक त्याच वर्षी रंगमंचावर आले. चेंबर थिएटरनेही प्रयोग थांबवले नाहीत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बाहेरच्या जगाच्या स्मरणात प्रामुख्याने राहिला तो सुझन सोंटाग यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये बसवलेला बेकेटच्या ‘गोदो’चा प्रयोग. तो प्रयोग महत्त्वाचा होता, यात शंका नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात, दोन वाटसरूंच्या जागी तीन जोड्या घेऊन, केवळ पहिला अंक सादर करण्याचा निर्णय धाडसाचा होता. दुसऱ्या अंकातही गोदो येत नाही, हे त्या प्रेक्षकांना वेगळे सांगण्याचे कारण नव्हते. परंतु न्यूयॉर्कहून आलेल्या विदुषीमुळे सारायेव्होत नाटक सुरू झाले, असा जो समज पसरला तो अन्यायकारक आहे. नाटक आधीपासून चालू होते. सोंटाग त्यात सहभागी झाल्या.

असाच अन्याय संगीताच्या बाबतीत झाला. पावाच्या रांगेतील हत्याकांडानंतर वेद्रान स्माइलोविच हे चेलोवादक उघड्यावर बसून वादन करीत राहिले. त्यांची प्रतिमा जगभर गेली. २००८ साली तिच्यावरून स्फुरलेली एक इंग्रजी कादंबरी आली आणि खुद्द स्माइलोविच त्या वापराने संतापले. जगाला एकटा नायक हवा असतो. परंतु त्याच शहरात तंतुवाद्यांची एक चौकडी साऱ्या वेढ्यात मैफली करीत होती. चौघांनी एकत्र वाजवायचे तर चौघांनाही जिवंतपणी तालमीला पोचावे लागते. एकाच्या धैर्याहून हे धैर्य कठीण, कारण त्यात दुसऱ्याच्या येण्यावर विश्वास ठेवावा लागतो.

जून १९९४ मध्ये त्याच जळलेल्या ग्रंथालयाच्या भग्न वास्तूत मोझार्टचे ‘रेक्विएम’ सादर झाले. संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी केले. वाद्यवृंद व गायकवृंद सारायेव्होचे होते. मृतांसाठीचा मिस्सा आपल्याला परिचित आहे. तो आपण आपल्या माणसांसाठी अर्पण करतो. तिथे एका पारशी संचालकाच्या हाताखाली, अनेक धर्मांची माणसे गमावलेल्या शहराने तो सर्वांसाठी गाइला. ती प्रार्थना होती की मैफल, हे ठरवण्याची आवश्यकता मला भासत नाही.

मग मूळ वादाचे काय? सारायेव्होच्या कलावंतांनी जीवनासाठी कला निर्माण केली, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या कलेने एकही तोफ थांबवली नाही, एक घडाभर पाणी आणले नाही. तिने एवढेच केले : ठरावीक वेळी, ठरावीक जागी, माणसांना एकमेकांसाठी यायला लावले. वेढ्याचा हेतू प्रत्येकाला आपापल्या तळघरात एकटे पाडण्याचा होता. तालीम तो हेतू मोडून काढत होती.

वेढ्यातील नाट्यव्यवहाराचे एक सूत्रधार, दिग्दर्शक हारिस पाशोविच यांनी २०१२ साली, वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रांगेने मांडल्या. मृत नागरिकांमागे एक. पुढे त्यांच्यासाठी संगीत सादर झाले. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ज्या शहराने चार वर्षे जीव मुठीत धरून प्रेक्षागृहे भरली, त्याच शहराला रिकाम्या आसनाचा अर्थ असा मांडता येतो. तेथील नाट्यगृहात बसलेल्या माणसाला आपल्या शेजारची खुर्ची उद्या भरलेली असेल की नाही, हे ठाऊक नव्हते. तरीही तो आला होता, आणि नटही आले होते.