पडद्यावरचा मुक्तिसंग्राम

किनवटच्या एका वर्गात हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचे दृक्‌श्राव्य सादरीकरण आम्ही पाहिले. स्वामी रामानंद तीर्थांचे छायाचित्र, तोफांचे आवाज, १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख, सारे चकचकीत. खटकला तो नकाशा. त्यात १९४८ चे किनवट नांदेड जिल्ह्यात दाखवले होते! वास्तविक हा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला. छापील नकाशावर मुले बोट ठेवून शंका काढतात. इथे शंका सुचायच्या आत चित्र सरकले. शिक्षकांनी तेथेच यंत्र थांबवावे आणि विचारावे : ही सीमा कधीची? घरातल्या निजामकालीन जमिनीच्या कागदांवर कोणता जिल्हा लिहिला आहे? कागद उर्दूत असतील. वाचणारे एखादे आजोबा गावात सापडले तर त्यांनाच वर्गात बोलवावे.