दीर्घिकांचें वय : एक अर्थनिर्णय

ग्रंथपरीक्षणाच्या पानांवर ताऱ्यांच्या आकडेमोडीचें काय काम, असा प्रश्न कांहीं वाचकांना पडेल. परंतु दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटावरून तिच्यांतील ताऱ्यांचें वय व घटकद्रव्यें ठरविणें हें मोजमाप कमी आणि अर्थनिर्णय अधिक आहे. आणि जेथें अर्थनिर्णय आला तेथें टीकाकाराला मज्जाव करतां येत नाहीं. वृत्तपत्रें मात्र ‘अमुक दीर्घिका इतक्या अब्ज वर्षांची’ असें खुशाल छापतात; जणूं तिची जन्मपत्रिकाच त्यांच्या हातीं आहे!

पद्धति अशी : दीर्घिकेंतील अब्जावधि तारे निरनिराळे दिसत नाहींत, त्यांचा एकत्र प्रकाशच तेवढा पोंचतो. म्हणून शास्त्रज्ञ एकाच वेळीं जन्मलेल्या, एकाच घडणीच्या काल्पनिक तारकासमूहांचे वर्णपट निरनिराळ्या वयांसाठीं गणितानें रचतात, आणि त्यांचें मिश्रण प्रत्यक्ष वर्णपटाशीं जुळवून पाहतात. दूरच्या देवळांतील भजन ऐकून टाळकऱ्यांचीं वयें सांगावीं, तसलेंच हें काम. चार खणखणीत तरुण गळे असले कीं साठ वृद्धांचा आवाज लोपतो. सूर्याच्या दसपट वस्तुमानाचा तारा सूर्याच्या हजारों पटींनीं प्रकाश देतो आणि दोनतीन कोटि वर्षांत संपतो. अशा अल्पसंख्य ताऱ्यांमुळें सबंध दीर्घिका भलतीच तरुण भासते. जें वय हातीं येतें तें प्रकाशाचें. बहुसंख्य ताऱ्यांचें नव्हे.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. तारकासमूह म्हातारा झाला कीं तांबूस होतो, आणि त्यांत धातु अधिक असले तरीहि तांबूस होतो. (हेलियमहून जड तें सर्व या मंडळींच्या परिभाषेंत ‘धातु’, प्राणवायूहि धातूच! परिभाषेचा हा बेदरकारपणा मला कधींच रुचलेला नाहीं.) वर्थी यांनीं १९९४ सालच्या आपल्या विस्तृत निबंधांत दाखविलें कीं, वय तिप्पट केलें काय आणि धातूंचें प्रमाण दुप्पट केलें काय, बहुतेक सर्व रंग व रेषा जवळजवळ सारख्याच दिसतात. एकाच श्लोकाचे दोन अन्वय लागावे तसा हा प्रकार. हायड्रोजनच्या रेषा वयाला अधिक जागतात, लोखंडाच्या धातुप्रमाणाला. दोन्हींची सांगड घालून अन्वय निवडावा, हा त्यांतला मार्ग. स्वतःच्या साधनाची मर्यादा आंकड्यांत मांडणारा हा निबंध मी या विषयांतील उत्तम लेखनांत गणतों.

ही कांहीं केवळ पंडितांची शब्दच्छलाची हौस नव्हे. अॅलन सँडेज प्रभृति ज्योतिषी महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ठराविक तेजाचे दिवे मानून विश्वाचें प्रसरण किती मंदावत आहे हें ठरवूं पाहत होते. १९६७ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधांत बिअॅट्रिस टिन्स्ले या विदुषीनें दीर्घिकांच्या वयोमानाबरोबर पालटणाऱ्या तेजाचें गणित मांडलें. दूरची दीर्घिका आपल्याला तिच्या तरुणपणींची दिसते, म्हणून ती मुळांतच अधिक तेजस्वी असते; आणि ही दुरुस्ती एवढी मोठी कीं विश्वाच्या भवितव्याविषयींचा निष्कर्षच उलटावा. सँडेज यांना हें सहजीं मानवलें नाहीं. टिन्स्ले १९८१ सालीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, वारल्या. पुढें १९९८ त प्रसरणाचा वेग वाढत असल्याचें उघड झालें तें अतिनवताऱ्यांवरून. दीर्घिकांच्या दिव्यांवरून नव्हे.

मला स्वतःला वयाच्या आंकड्याहून मॅग्नेशियम व लोखंड यांचें गुणोत्तर अधिक विश्वासार्ह वाटतें. मॅग्नेशियम अल्पायुषी महाताऱ्यांच्या स्फोटांतून लौकर मिळतें. लोखंडाचा मोठा भाग श्वेतबटूंच्या स्फोटांतून, पुष्कळ उशिरां. महाकाय दीर्घिकांत मॅग्नेशियमचें पारडें जड आढळतें. अर्थात् त्यांतील तारे थोडक्या अवधींत घडले, लोखंडाची वाट पाहण्यास ते थांबले नाहींत. येथें जन्मतिथि कळत नाहीं, पण बाळंतपण किती लांबलें तें कळतें. तरी नमुन्यादाखल घेतलेले तारे बहुतेक आपल्या सूर्याच्या शेजारचे, आणि त्यांच्यांत हें गुणोत्तर निराळें. त्या शेजाऱ्यांच्या मापानें परक्या दीर्घिकेचे कपडे बेतण्याची संवय या शास्त्राला अजून पुरती सोडतां आलेली नाहीं.